चांदीची शाई आणि कंसातला मजकूर

पिण्या, बंगलोर
६ जुलै २००३

ती. मामा,

पायांवर डोकं ठेवलंय असं समजा. इथून कितीही वाकलो तरी नाशिकच्या इंदिरानगरपर्यंत पोचत नाही.

मामा, मी नोकरीला लागलो. तुम्ही लगेच विचाराल, "कितवी?" म्हणून आधीच हात जोडतो, मोजू नका. द्राक्षाचं पॅकिंग, टेम्पो, केबलवाल्याकडे खांबावर चढणं, नाशकात द्वारका चौकातलं लग्नपत्रिका छापायचं दुकान, ही सगळी शिकायची कामं होती असं धरा. ही खरी नोकरी. कंपनी शाई बनवते.

शाई म्हटल्यावर तुम्ही हसला असणार. जन्मभर प्रेसमध्ये नोटा छापलेल्या माणसाला जावई शाईचं सांगतो म्हणजे काय! साखरपुड्याला तुम्ही चारचौघांत म्हणाला होता, "आम्ही छापलेलं लोक तिजोरीत ठेवतात, तू छापलेल्याला जेवणावळीत हात पुसतात." लय लागलं होतं मला. पण खरं होतं म्हणून मीसुद्धा हसलो.

तर ही शाई लिहायची नाही. हिच्यात चांदीची भुकटी असते. प्लास्टिकच्या पातळ शीटवर ती जाळीतून छापायची, पत्रिका छापायचो अगदी तशी, आणि भट्टीत घालून पक्की करायची. मग त्या रेघेतून करंट जातो. वायर नाही, सोल्डरचा डाग देणं नाही, छापलेली रेघ हीच वायर. वॉशिंग मशीनवर ती गुळगुळीत बटणं असतात ना, त्यांच्या पोटात असली शीट असते. ही शाई आजवर परदेशातून यायची. आता ती इथे करायची आहे, आणि अशी करायची आहे की शीट गुंडाळली, दुमडली तरी करंट तुटणार नाही. रोज तुटतोय. पण आमच्या सविता मॅडम मागे लागल्यात.

तुम्ही फोनवर घातलेली अट पाठ आहे. "दिवाळीपर्यंत एका जागी टिकून दाखव, मग मोहिनीला पाठवायचं बघू." टिकतो.

(मोहिनी, कंसातलं मोठ्याने वाचू नको, मनात वाच. मामांच्या डोळ्यात मोतीबिंदू, पत्र तूच वाचून दाखवणार, त्यांना काय कळतंय कुठे कंस आला. पत्रिकेच्या पाठीमागे "आठ दिवसांत येतो" असं लिहून मी निघालो ते वाईट केलं. पण तोंडावर सांगितलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस, आणि तू म्हणाल्यावर मी थांबलो असतो, आणि द्वारकेला परत तेच, "आमचे येथे श्रीकृपेकरून". तुला राग आला हे समजतं. माहेरी गेलीस तेही समजतं. फक्त माझं पांघरूण का घेऊन गेलीस ते समजत नाही. इथे थंडी आहे.)

मामींना नमस्कार.

आपला,
झुंबर


३ ऑगस्ट २००३

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं. "पत्र पोचले. टिका." एवढंच होतं, पण तीनदा वाचलं. प्रेसच्या माणसाला शाई वाया घालवायची सवय नसते.

इथलं सांगतो. माझं काम म्हणजे शाई ढवळायची, जाळी धुवायची, छापायचं, आणि मग पेन्सिल. सविता मॅडम छापलेली शीट पेन्सिलीला गुंडाळतात, सोडतात, परत गुंडाळतात. मग मीटरच्या दोन सुया रेघेच्या दोन टोकांना लावायच्या. मीटर 'पीं' बोललं तर करंट आहे. नाही बोललं तर रेघ तडकली. महिनाभर मीटरने मौनव्रत धरलंय. मॅडम हैदराबादच्या, मोठं शिक्षण झालेलं, पण चिडत नाहीत. "झुंबर, आज क्या सीखा?" विचारतात. मी म्हणतो, "मॅडम, तुटता है." त्या ते इंग्रजीत लिहून घेतात, एक पान भरतं.

खोलीत माझ्यासोबत हिरामण आहे, सटाण्याकडचा, ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या शेठला कोचीनच्या गाडीवर क्लीनर पाहिजे. समुद्र दिसतो, नारळ फुकट. मी फक्त विचारलं, गाडी कधी निघते. तो म्हणाला, "तू येडा शे का? सासराले काय तोंड दावशी?" म्हणजे बघा मामा, तुमचा धाक सटाण्यापर्यंत गेलाय. मी गेलो नाही.

(मोहिनी, खरं सांगू? पिशवी भरली होती. हिरामणने काढून घेतली. इथे दिवसभर एक रेघ छापायची आणि ती तुटलेली बघायची, माझ्यासारख्याला हे कसं झेपावं? तू एक कर. राग गेला असेल असं नाही म्हणत मी, थोडा उतरला असेल तरी चालेल. पुढच्या पाकिटाच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लाव. पत्रिकेला लावतात तसं. बोलू नको, लिहू नको. नुसतं बोट. ते दिसलं तर मी कोचीनचं नाव काढणार नाही.)

मामींना नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर करून घ्या. पण घाई नको.

झुंबर


२४ ऑगस्ट २००३

ती. मामा,

तुमचं पत्र पोचलं. "पत्र पोचले. कामात लक्ष ठेवा." छान पत्र आहे. अक्षर छान, पाकीट छान. पाकिटाचा कोपरा तर फारच छान. हिरामणला दाखवला. तो म्हणाला, "हाई ते कुंकू शे!" मी त्याला चहा पाजला.

आणि मामा, दुसरी बातमी. मीटर बोललं! बुधवारी नवी शाई लावली, पहिली शीट भट्टीतून काढली, पेन्सिलीला गुंडाळली, सोडली, सुया लावल्या. पीं! मला वाटलं बाहेर कुणाची गाडी वाजली. परत लावल्या. पीं!! मॅडम तेव्हा हेडऑफिसला गेल्या होत्या. मी एकटाच नाचलो.

आता द्वारकेची आमची रीत तुम्हाला माहीत आहे. कोणाचीही पत्रिका असो, पहिली प्रत गिऱ्हाइकाला द्यायची नाही, ती गणपतीपुढे. गणेश चतुर्थी आठवड्यावर आली. म्हणून ती पहिली शीट चार घड्या करून याच पाकिटात घातली आहे. आपल्या घरच्या गणपतीपुढे ठेवा. चांदीची आहे, मामींना सांगा. मॅडमनी आनंदाने परवानगी दिली. काम चालू असताना मी भट्टीजवळून तसूभर हललो नाही.

(मोहिनी, बोट दिसलं. काय लिहू? मी ते पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं, शर्ट धुतला नाही. एक राग आहे पण. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला होता. मामांनी उचलला. "मोहिनीला बोलावतो" म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेले. मी ऐकत बसलो. मामींचा कुकर झाला. टीव्हीवर बातम्या झाल्या. मामींचं आणि भाजीवालीचं गवारीवरून भांडण झालं, तेही पूर्ण ऐकलं, भाजीवाली जिंकली. बूथवाला खिडकीवर टकटक करत होता. तू काही आली नाहीस. बोट लावतेस आणि फोनवर येत नाहीस, हा कुठला न्याय? आणि मॅडमना मी विचारलेलं नाही. त्या असत्या तर विचारलं असतं. देवाचं काम आहे, कोण नाही म्हणेल?)

झुंबर


१४ सप्टेंबर २००३

ती. मामा,

गणपती व्यवस्थित बसले, उठले असतील. मामींच्या हातचे मोदक आठवले. इकडेही गणपती असतात, पण इथल्या मोदकांचं माप आपल्याशी जुळत नाही.

मामा, एक किरकोळ काम. ती शीट आता मोकळी झाली असेल तर परत पाठवाल का? घाई नाही. आज पाठवली तर बरं.

असं झालं की मॅडम आल्या, मी मीटर बोलल्याचं सांगितलं. त्या इतक्या खूष झाल्या की त्यांनी मला खुर्ची दिली. मग त्याच शाईच्या पुढच्या शीट घेतल्या, पेन्सिलीला गुंडाळल्या. मीटर गप्प. दुसरी घेतली, गप्प. सगळ्या गप्प. मॅडम म्हणाल्या, "वो पहला वाला शीट कहाँ है?" मी म्हणालो, "मॅडम, इधर ही कहीं होगा." तेव्हापासून आम्ही दोघं ती शोधतोय. मी जास्त मन लावून शोधतो. काल मॅडम कचऱ्याच्या डब्यात हात घालायला निघाल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बसा, मी घालतो.

दिवाळीच्या आधी मोठ्या कंपनीचे साहेब बघायला येणार आहेत. दुमडून चालणारी शाई दाखवली तर त्यांची ऑर्डर. नाही दाखवली तर हे काम बंद, आणि काम बंद तर मीही बंद. तुमची दिवाळीची अट आहे म्हणून कळवतो. यात माझी चूक काही नाही.

(मोहिनी, माझीच चूक आहे. ती शीट तू स्वतः शोधून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठव. मामांना कशासाठी हवी ते सांगू नको. प्रेसवाला माणूस, गेटवर रोज खिसे तपासू देऊन घरी यायचा. मी कंपनीचा माल न विचारता बाहेर काढला हे कळलं तर तुला जन्मभर पाठवणार नाही. हे आपल्या दोघांतच.)

झुंबर


३० सप्टेंबर २००३

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं. आजवरचं सगळ्यात मोठं. त्यातलं वाक्य खोलीच्या भिंतीवर लावावं असं आहे: "मालकाचा कागद मालकाला न विचारता गेटबाहेर गेला, तर आमच्याकडे त्याला एकच नाव होते. आधी मॅडमना सांगा. मग पुढचे पत्र लिहा."

मामा, तुम्हाला हे कसं कळलं, ते विचारायची माझी छाती नाही.

पण शीटची हकिगत वाचून मी गार पडलो. गणपती उठल्यावर मामींनी ती साबण लावून काथ्याने घासली. बरं, घासली. मग "पातळ आहे, कामाची आहे" म्हणून आणखी एक घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली सारली. फ्रिज आता डुगडुगत नाही, हे तुम्ही वेगळ्या ओळीत कळवलंत, त्याबद्दल आभारी आहे.

परदेशातली शाई ज्याला घाबरते ते सगळं मामींनी एका हाताने केलं. आता तिच्यात जीव कसला राहणार? तरी एक विनंती. टॉर्चचे सेल आणि त्यातला छोटा बल्ब घ्या. सेलपासून बल्बपर्यंतची एक वायर काढून तिच्या जागी शीटवरची एक रेघ जोडा, हे टोक इकडे, ते टोक तिकडे. बल्ब लागला तर कळवा. नाही लागला तर कळवू नका, मी समजून घेईन.

मॅडमना सांगतो. उद्या. नक्की उद्या.

(मोहिनी, तुला एवढंही पोटात ठेवता आलं नाही? मी "आपल्या दोघांत" लिहिलं होतं. आपण दोघं म्हणजे तू आणि मी. त्यात मामा कुठून आले? पिशवी परत भरावीशी वाटते. पण हिरामणने तिला कुलूप लावलंय, आणि तुझं कुंकवाचं बोट तिच्यातच राहिलंय. म्हणून बसलोय.)

झुंबर


१२ ऑक्टोबर २००३

ती. मामा,

सांगितलं.

तुमचं कार्ड आलं त्याच दिवशी सांगितलं, कारण ते वाचल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. "बल्ब लागला. पाच घड्यांवरून करंट जातो. भिंग लावून पाहिले, रेघ अखंड. घडीवर रेघ पांढुरकी झाली आहे, तुटलेली नाही. छपाई बरी आहे." मामा, "छपाई बरी आहे" हे तुम्ही लिहिलंत! मला, तुम्ही! मी कार्ड घेऊन थेट मॅडमसमोर उभा राहिलो आणि सगळं बोलून टाकलं, गणपती, पाकीट, काथ्या, फ्रिज.

मॅडम खाली बसल्या. मला वाटलं, आता रडतात की मला मारतात. मग विचारलं, "फ्रिज कितना बड़ा है?"

मी म्हटलं, "डबल डोअर, मॅडम. ऊपर मामी का आटा का डिब्बा भी रहता है."

मग त्यांचं डोकं सुरू झालं. "शीट की किनारी पीली थी?"

"थोडी थी."

"ओव्हन में कितनी देर थी?"

"आपने बोला उतनी."

"झुंबर."

"फोन करने गया था, मॅडम."

"कितनी देर?"

आता मी काय सांगणार? म्हटलं, "एक कुकर, बातम्या, और गवार का झगडा."

त्यांनी माझ्याकडून झगडा नीट समजून घेतला. मग टेबलावर हात आपटला. शीट आक्रसेल म्हणून त्या भट्टीतून लवकर काढायला लावायच्या, आणि शाई आतून कच्ची राहायची. कच्ची म्हणून तडकायची. ती एक शीट मी फोनवर असताना भट्टीत राहिली आणि पूर्ण पिकली. त्याच संध्याकाळी त्यांनी नव्या शीट जास्त वेळ ठेवून बघितल्या. काही नीट निघाल्या, काही पापडासारख्या वळल्या. नेमकं किती पिकवायचं ते काढायला ती मूळ शीटच समोर पाहिजे. आणि साहेबांना दाखवायलाही तीच. मॅडम म्हणाल्या, "दुनिया की किसी लॅब में ऐसा टेस्ट नहीं होता."

मला काढलं नाही. ओरडल्या मात्र भरपूर. शेवटी म्हणाल्या, "अपने ससुरजी को थँक्यू बोलो." तर थँक्यू. तुम्ही रिसीव्हर टेबलावर ठेवून विसरलात, त्यातून हे झालं.

आता शीट पोस्टाने नको म्हणतात, कुणीतरी हातात घेऊन यायला पाहिजे. साहेब वीस तारखेला येणार. तुमची दिवाळीची अट मोडायची नाही मला, पण माणूस कोण पाठवणार ते तुम्ही ठरवा.

(मोहिनी, मी विचारत नाही. विचारायचा हक्क पत्रिकेमागे लिहून घालवला. पण मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस सरळ इथे येते, गाडी बदलावी लागत नाही, एवढं माहिती म्हणून लिहितो. पांघरूण आणलंस तर आण.)

झुंबर


२२ ऑक्टोबर २००३

ती. मामा,

मोहिनी पोचली. शीट पोचली, दोन पुठ्ठ्यांमध्ये, वरून मामींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि तुमचं सील. लाख लावून सील करणारे सासरे बंगलोरात कुणालाच नाहीत. पांघरूणही पोचलं.

स्टेशनवर मी हात पुढे केला, पिशवी घ्यायला. मोहिनीने पिशवी दिली नाही. आधी विचारलं, "तीन महिने नुसतं शाईबद्दल लिहीत होतास. माझ्यासाठी एक ओळ नाही. मग परवा बाबांनी पत्रांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन 'आता कंसातलं वाच' म्हणून सांगितलं. हा काय प्रकार?"

मी म्हटलं, "म्हणजे? मोठ्याने तूच वाचत होतीस ना?"

"मी कशाला? बाबांचं ऑपरेशन तू गेल्यावर लगेच, जूनमध्ये झालं. आता ते शेजारच्यांचा पेपर गॅलरीतून वाचतात."

मामा, त्या प्लॅटफॉर्मवर जागा असती तर मी तिथेच जमिनीत गेलो असतो. मग तिने तुमची चिठ्ठी दिली. ती इथे उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचली हे तुम्हाला कळेल:

"चि. झुंबर, कंसातल्या मजकुरावर 'मनात वाच' अशी सूचना होती. मी सूचना पाळणारा माणूस आहे. मनात वाचले. बाकीचे घरात मोठ्याने वाचले. टेलिफोनवर तुम्हाला विसरलो नव्हतो. किती वेळ टिकता ते शेजारी बसून बघत होतो. मोहिनीला बोलावलेच नव्हते, तिचा दोष नाही. कुंकवाचे बोट माझे. तुम्ही पिशवी भरली असे लिहिले होते, दुसरा उपाय सुचला नाही. तुमच्या मामींनी, सिंधूबाईंनी, विचारले, पाकिटाला कुंकू कशाला? मी सांगितले, जावयाला परीक्षा आहे. मोहिनीने पत्रे वाचली, रात्री जेवली नाही, सकाळी स्वतःच बॅग भरली. मी पाठवलेली नाही. अट दिवाळीची होती, चार दिवस सूट दिली. सावळीराम."

मामा, मी तुमचं बोट शर्टाच्या खिशात ठेवून महिनाभर फिरलो. शर्ट धुतला नाही. हे आता कुणाला सांगायचं ते मला कळत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

साहेब येऊन गेले. मॅडमनी शीट त्यांच्यासमोर उलगडली, तेलाचा डाग, कुंकू, पाच घड्या, सगळ्यासकट. साहेबांनी नाक मुरडलं. मॅडमनी सुया लावल्या. पीं! साहेबांनी स्वतः लावून बघितल्या. परत पीं! मग नव्या पिकवलेल्या शीट दाखवल्या, त्याही बोलल्या. साहेबांनी विचारलं, हे डाग कसले? मॅडम म्हणाल्या, "फील्ड टेस्टिंग, सर. नाशिक." ऑर्डर मिळाली.

मोहिनी राहतेय. कायमची का, ते तिने सांगितलेलं नाही. म्हणाली, "पुन्हा पत्रिकेमागे काही लिहिलंस तर मी तुझ्याआधी स्टेशनवर असेन." हिरामण दुसऱ्या खोलीत गेला, जाताना पिशवीच्या कुलपाची किल्ली तिच्या हातात देऊन गेला.

दिवाळीचा नमस्कार. मामींना सांगा, फ्रिजचं मी बघतो.

(मामा, हे तुम्ही मनात वाचा. ते बोट तुम्ही लावलं नसतं तर मी आज कोचीनला नारळ खात असतो. दुसरं काही लिहिता येत नाही.)

आपला,
झुंबर

(बाबा, हे मी, मोहिनी लिहितेय. कंसातलंसुद्धा इथून पुढे मोठ्याने वाचत जा, आईलाही ऐकू दे. आणि फ्रिज परत डुगडुगत असेल तर कळवा. इथे नापास झालेल्या शीटांचा ढीग पडलाय, दोन पाठवते. मॅडमना विचारून.)